सरकारी नोकरीत लिहिलेलं पुस्तक कुणाचं? निलंग्याच्या सेतुमाधवराव पगडींची गोष्ट

सप्टेंबर २०२५ मध्ये एक शब्द महाराष्ट्रात घराघरांत पोचला. हैदराबाद गॅझेट. मराठा आरक्षणाच्या आंदोलनानंतर २ सप्टेंबरला राज्य सरकारनं शासन निर्णय काढला आणि मराठवाड्यातल्या कुणबी दाखल्यांसाठी निजामकाळातल्या या नोंदींचा आधार घ्यायचं ठरलं. व्हॉट्सॲपवर जुन्या पानांचे फोटो फिरायला लागले. नांदेड-लातूरच्या गावागावांत लोक गॅझेटबद्दल बोलू लागले.

पण गॅझेटियर लिहितं कोण? त्याचा मालक कोण असतो? सरकारनं छापलं म्हणजे ते सगळ्यांचं झालं का? त्यातली पानं कुणीही पुन्हा छापू शकतं का?

या प्रश्नांची उत्तरं कायद्याच्या पुस्तकात आहेतच. पण ती नीट समजून घ्यायची असतील, तर लातूर जिल्ह्यात जन्मलेल्या एका माणसाचं आयुष्य बघावं लागतं. हा माणूस दिवसा सरकारसाठी गॅझेटियर तयार करायचा आणि उरलेल्या वेळात स्वतःची पुस्तकं लिहायचा. त्याच्या या दोन प्रकारच्या कामांचं पुढं काय झालं, यात सगळी मेख आहे.

त्यांचं नाव सेतुमाधवराव पगडी.

तीन जिल्हे पाहिलेलं गाव

२७ ऑगस्ट १९१० ला निलंग्यात सेतुमाधवरावांचा जन्म झाला. आज निलंगा म्हटलं की लातूर जिल्हा आठवतो. पण १९१० मध्ये लातूर नावाचा जिल्हाच नव्हता. निलंगा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातल्या बीदर जिल्ह्यात होतं. १९५६ मध्ये भाषावार राज्यरचना झाली तेव्हा बीदर जिल्ह्यातले निलंगा, उदगीर आणि अहमदपूर हे तीन तालुके मुंबई राज्यात आले आणि उस्मानाबाद जिल्ह्याला जोडले गेले. मग १६ ऑगस्ट १९८२ ला उस्मानाबादमधून लातूर जिल्हा वेगळा झाला.

म्हणजे गाव जागचं हललं नाही, पण एका माणसाच्या हयातीत त्यानं तीन जिल्हे पाहिले.

हे सांगायचं कारण असं की निलंग्याची जुनी माहिती शोधायची झाली, तर ती एका ठिकाणी सापडत नाही. काही कागद उर्दूत, काही फारसीत, काही इंग्रजीत. काही हैदराबादला, काही मुंबईला. मराठवाड्यातल्या जवळपास प्रत्येक गावाची हीच अडचण आहे. आपला इतिहास आहे, पण तो वाचता येईल अशा भाषेत आणि हाताशी येईल अशा जागी नाही. पगडींचं सगळं आयुष्य ही अडचण सोडवण्यात गेलं असं म्हटलं तरी चालेल.

निजामाच्या राज्यातला मराठी मुलगा

त्या काळच्या हैदराबाद संस्थानात मराठी, तेलुगू आणि कन्नड बोलणारे लोक बहुसंख्य होते, पण राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. सरकारी नोकरी हवी असेल तर उर्दूला पर्याय नव्हता. १९१८ मध्ये निघालेल्या उस्मानिया विद्यापीठात तर उच्च शिक्षणही उर्दूतून दिलं जायचं. त्यासाठी निजाम सरकारनं एक खास भाषांतर खातं उघडलं होतं. गणित, विज्ञान, कायदा, इतिहास अशा विषयांची पुस्तकं तिथं सरकारी खर्चानं उर्दूत आणली गेली. एखादं सरकार ठरवून ग्रंथ तयार करतं म्हणजे काय, हे हैदराबादच्या त्या पिढीनं अगदी जवळून पाहिलं होतं.

घरात मराठी, आजूबाजूला कन्नड आणि तेलुगू, कचेरीत उर्दू, जुन्या दप्तरात फारसी. अशा वातावरणात पगडी वाढले. पुढं ते उत्तरेत बनारस आणि अलाहाबादला शिकले आणि परत येऊन हैदराबाद संस्थानाच्या मुलकी सेवेत दाखल झाले.

मराठवाड्यातल्या अनेकांसाठी उर्दू ही लादलेली भाषा होती आणि त्याबद्दलचा राग खरा होता. मातृभाषेतून शिक्षण मिळावं ही मागणी पुढं हैदराबादच्या मुक्तिलढ्याचाही भाग झाली. पगडींनी मात्र ती भाषा अशी आत्मसात केली की नंतर गालिब आणि इक्बाल यांची ओळख मराठी वाचकाला करून देणाऱ्यांमध्ये त्यांचं नाव घेतलं जाऊ लागलं.

गोंडी शिकणारा अधिकारी

नोकरीत पगडींचा संबंध आदिलाबाद जिल्ह्याशी आला. आज तो तेलंगणात आहे, पण नांदेडच्या किनवटला लागून आहे. खरं तर १९५६ पर्यंत किनवट तालुका आदिलाबाद जिल्ह्यातच होता. राज्यरचनेत तो नांदेडला मिळाला.

या भागात गोंड आणि कोलाम समाज मोठ्या संख्येनं राहतो. १९४० मध्ये कुमरम भीम यांच्या नेतृत्वाखाली गोंडांनी जंगल आणि जमिनीच्या हक्कांसाठी उठाव केला. तो चिरडला गेला, भीम मारले गेले, पण निजाम सरकारला जाग आली. मानववंशशास्त्रज्ञ हैमनडॉर्फ यांना बोलावून परिस्थितीचा अभ्यास करून घेतला गेला. त्यानंतर गोंड मुलांसाठी शाळा निघाल्या आणि गोंडी भाषेतली प्राथमिक पुस्तकं देवनागरी लिपीत छापली गेली.

आदिवासींसाठीच्या याच सरकारी कामात पुढं पगडी आले. ज्या लोकांचा कारभार बघायचा, त्यांची भाषा आपल्याला यायला हवी हे त्यांनी मनावर घेतलं. ते गोंडी शिकले, कोलामी शिकले. नुसतं बोलण्यापुरतं नाही, तर दोन्ही भाषांची व्याकरणं त्यांनी लिहिली. आदिलाबादच्या गोंडांवरही पुस्तक लिहिलं.

त्या काळात या भाषांवर काम करणारे बहुतेक लोक मिशनरी किंवा परदेशी अभ्यासक होते. निलंग्यासारख्या गावातून आलेल्या एका महसुली अधिकाऱ्यानं कोलामी भाषेचं व्याकरण लिहावं, ही तेव्हा साधी गोष्ट नव्हती.

राज्य बदललं, दप्तर तेच राहिलं

सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस ॲक्शन झाली. १७ सप्टेंबरला निजामाचं राज्य संपलं. संस्थानाच्या सेवेतले अधिकारी आता भारत सरकारच्या कारभाराचा भाग झाले आणि पगडी भारतीय प्रशासन सेवेत आले. १९५६ मध्ये हैदराबाद राज्यच मोडलं. मराठवाडा मुंबई राज्यात, तेलंगण आंध्रात, कन्नड भाग म्हैसूरमध्ये गेला. १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं.

या उलथापालथीत माणसं वाटली गेली, तालुके वाटले गेले. दप्तरं मात्र बरीचशी हैदराबादलाच राहिली. मराठवाड्याच्या कित्येक शतकांच्या कारभाराची कागदपत्रं दुसऱ्या राज्याच्या राजधानीत, तीही फारसी आणि उर्दूत. मराठी माणसानं ती वाचायची कशी?

नव्या महाराष्ट्र राज्यात १९६० च्या दशकात पगडी मुंबईला आले आणि त्यांच्याकडे गॅझेटियर विभागाची जबाबदारी आली. कार्यकारी संपादक आणि सचिव असं त्यांचं पद होतं. ज्याला मराठी, उर्दू, फारसी, इंग्रजी येते, जो कलेक्टर कचेरीची भाषा जाणतो आणि ज्याला इतिहासाचं वेडही आहे, अशा माणसाला याहून योग्य खुर्ची मिळणं अवघड होतं.

गॅझेटियर म्हणजे नेमकं काय?

गॅझेटियरला सरकारी मराठीत दर्शनिका म्हणतात. एका जिल्ह्याची संपूर्ण माहिती एका ग्रंथात. भूगोल, इतिहास, लोक, शेती आणि पाणी, उद्योग, व्यापार, बँका, रस्ते, महसूल, कायदा-सुव्यवस्था, शिक्षण, आरोग्य आणि शेवटी जिल्ह्यातली महत्त्वाची ठिकाणं.

इंग्रजांच्या काळात जेम्स कॅम्पबेल या अधिकाऱ्यानं मुंबई इलाख्याची अशी गॅझेटियर तयार करवून घेतली. पुणे, सातारा, नाशिक, ठाणे या जिल्ह्यांवर लिहिणारा कुणीही आजही त्या खंडांना हात लावल्याशिवाय पुढं जात नाही.

पण कॅम्पबेलच्या खंडांत मराठवाडा नाही. कारण मराठवाडा इंग्रजांच्या थेट ताब्यात नव्हता, निजामाच्या राज्यात होता. १८८४ मध्ये औरंगाबादचं एक गॅझेटियर निघालं आणि १९०९ मध्ये इम्पिरियल गॅझेटियरच्या मालिकेत संपूर्ण हैदराबाद संस्थानावर एक खंड निघाला. पण पुण्या-साताऱ्याला जशी जाडजूड, बारीक तपशिलाची पुस्तकं मिळाली, तशी नांदेड किंवा उस्मानाबादला मिळाली नव्हती.

स्वातंत्र्यानंतर जुन्या गॅझेटियरची नवी मालिका सुरू झाली. पुण्याचा खंड १९५४ ला आला, कोल्हापूरचा १९६० ला. पगडींच्या कारकिर्दीत मराठवाड्याची पाळी आली. परभणीचा खंड १९६७ मध्ये, बीडचा १९६९ मध्ये. नांदेडचा खंड १९७१ ला आणि उस्मानाबादचा १९७२ ला बाहेर पडला, तोपर्यंत पगडी निवृत्त झाले होते. ते काम त्यांच्यानंतरच्या संपादकांनी पूर्ण केलं.

हे काम कसं चालतं? जिल्ह्याच्या प्रत्येक खात्याकडून माहिती मागवायची. आलेली माहिती तपासायची. इतिहासासारखे भाग जाणकारांकडून लिहून घ्यायचे. जनगणनेचे आकडे जुळवायचे. मग सगळ्याचं संपादन करून सरकारी छापखान्यात पाठवायचं. यात एकटा लेखक नसतो. कारकून, संशोधक, प्राध्यापक, तलाठी, कलेक्टर, छापखान्यातले जुळारी, सगळ्यांचे हात लागलेले असतात. आणि सगळ्यांचा पगार जनतेच्या करातून येतो.

किंमत काय या पुस्तकांची? एक उदाहरण पुरे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यातली गावंच्या गावं जमीनदोस्त झाली, हजारो माणसं गेली. पुढं कित्येक गावं नव्या जागी वसवली गेली. भूकंपाआधी हा जिल्हा कसा होता, काय पिकायचं, बाजार कुठं भरायचे, कारखानदारी किती होती, याची एकत्र नोंद १९७२ च्या उस्मानाबाद गॅझेटियरमध्ये आहे. लातूर तेव्हा त्याच जिल्ह्यात होतं. आज लातूरचा तरुण आपल्या आजोबांच्या काळाबद्दल काही शोधतो, तेव्हा हा खंड त्याच्या उपयोगाचा असतो.

कचेरीबाहेरचे पगडी

आता दुसरी बाजू. गॅझेटियरचं काम करणारे हेच पगडी कचेरीबाहेर वेगळीच कामगिरी करत होते.

मराठ्यांचा इतिहास लिहिताना एक अडचण कायम असायची. शिवाजी महाराज, संभाजी महाराज, राजाराम महाराज, ताराबाई यांच्या काळाबद्दल मोगलांच्या बाजूची भरपूर साधनं आहेत. औरंगजेबाच्या सैन्यात असलेला भीमसेन सक्सेना, इतिहासकार खाफीखान यांनी लिहून ठेवलं आहे. मोगल दरबारातून रोजच्या घडामोडींची बातमीपत्रं निघायची, तीही शिल्लक आहेत. पण सगळं फारसीत. सामान्य मराठी वाचकाला ती दारं बंद होती.

पगडींनी ती उघडली. फारसी ग्रंथ आणि कागदपत्रं त्यांनी एकामागून एक मराठीत आणली. मोगल दरबाराची बातमीपत्रे हे त्यांचं काम अभ्यासक आजही वापरतात. मराठे आणि निजाम यांच्या संबंधांवर त्यांनी लिहिलं. नॅशनल बुक ट्रस्टसाठी शिवाजी महाराजांचं इंग्रजी चरित्र लिहिलं, ते देशभर वाचलं गेलं. सूफी संप्रदायावर लिहिलं, समर्थ संप्रदायावर लिहिलं, उर्दू काव्यावर लिहिलं. जीवनसेतु नावाचं आत्मचरित्र लिहिलं.

शत्रूच्या बाजूचा कागद वाचल्याशिवाय आपल्या बाजूचा पराक्रम पुरता कळत नाही, हे त्यांच्या कामातून दिसतं. औरंगजेबाच्याच छावणीतल्या नोंदींतून मराठ्यांच्या स्वातंत्र्ययुद्धाची धग मराठी वाचकापर्यंत आली, ती बऱ्याच अंशी पगडींच्या भाषांतरांमुळे.

१९९२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. १९९४ मध्ये ते गेले. हैदराबादच्या मराठी साहित्य परिषदेनं पुढं त्यांच्या समग्र साहित्याचे खंड काढले.

मग मालकी कुणाची?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. एकच माणूस, दोन प्रकारचं लेखन. एक सरकारी पगारावर, कामाचा भाग म्हणून. दुसरं स्वतःच्या वेळात, स्वतःच्या हिमतीवर. कायदा या दोन्हींकडे वेगवेगळ्या नजरेनं बघतो.

भारतात कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. तो जानेवारी १९५८ पासून लागू झाला. त्यात सरकारी कृती नावाचा एक वेगळा प्रकार आहे. केंद्र किंवा राज्य सरकारनं, त्याच्या एखाद्या खात्यानं, विधिमंडळानं किंवा न्यायालयानं केलेलं, प्रसिद्ध केलेलं किंवा त्यांच्या नियंत्रणाखाली झालेलं काम या प्रकारात मोडतं. कलम १७ म्हणतं की वेगळा करार नसेल, तर अशा कामाचा पहिला मालक सरकार. लिहिणारा अधिकारी नाही, त्याचे वारस नाहीत, आणि कायद्याच्या भाषेत थेट जनताही नाही.

म्हणजे परभणी गॅझेटियरवर पगडींनी कितीही मेहनत घेतली असली तरी त्याचा कॉपीराइट महाराष्ट्र सरकारचा.

इथं बहुतेकांचा गोंधळ होतो. लोकांना वाटतं सरकारी म्हणजे फुकट, सरकारी म्हणजे कुणीही वापरा. भारतात तसं नाही. सरकारी कामालाही कॉपीराइट असतो. तो किती काळ? कलम २८ सांगतं, पुस्तक पहिल्यांदा प्रसिद्ध झालं त्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं.

ही मुदत आधी ५० वर्षं होती. रवींद्रनाथ टागोर १९४१ मध्ये गेले, त्यामुळे १९९१ संपताच त्यांचं साहित्य सगळ्यांसाठी खुलं होणार होतं. ते लांबवण्यासाठी सरकारनं मुदतच १० वर्षांनी वाढवली. त्या दुरुस्तीचा फायदा टागोरांच्या पुस्तकांना झाला, तसा सरकारी प्रकाशनांनाही झाला. नांदेडच्या गॅझेटियरची मुदत शांतिनिकेतनच्या कवीमुळे १० वर्षांनी पुढं गेली, असं म्हणायला हरकत नाही.

राजपत्र वेगळं, दर्शनिका वेगळी

अजून एक गोंधळ, आणि तो गॅझेट या शब्दानं वाढवला आहे.

गॅझेट म्हणजे राजपत्र. सरकार अधिसूचना, नियम, नेमणुका ज्यात प्रसिद्ध करतं ते. गॅझेटियर म्हणजे दर्शनिका, जिल्ह्याची माहिती देणारा ग्रंथ. बोलताना आपण दोन्हीला गॅझेट म्हणतो. कायद्यात मात्र दोन्हींची गत वेगळी आहे.

कलम ५२ नुसार राजपत्रात छापलेला मजकूर पुन्हा छापला तर कॉपीराइटचा भंग होत नाही. न्यायालयाचे निकालही, न्यायालयानं मनाई केली नसेल तर, छापता येतात. विधिमंडळासमोर मांडलेले समित्यांचे अहवालही, सरकारनं मनाई केली नसेल तर, छापता येतात. विधिमंडळानं केलेला कायदा छापताना मात्र अट आहे, त्यासोबत भाष्य किंवा स्वतःचं काही मूळ लेखन हवं.

या यादीत दर्शनिका नाही. म्हणून तिला ६० वर्षांचा नियम लागतो.

हिशेब करून बघा.

कोल्हापूर, १९६०: १ जानेवारी २०२१ पासून खुलं.
परभणी, १९६७: १ जानेवारी २०२८ पासून.
बीड, १९६९: १ जानेवारी २०३० पासून.
नांदेड, १९७१: १ जानेवारी २०३२ पासून.
उस्मानाबाद, १९७२, ज्यात लातूर आणि निलंगाही आलं: १ जानेवारी २०३३ पासून.

कॅम्पबेलचे खंड आणि १९०९ चं हैदराबाद गॅझेटियर केव्हाच खुलं झालं आहे. ते कुणीही छापू शकतं, भाषांतर करू शकतं, विकू शकतं.

आणि पगडींची स्वतःची पुस्तकं? व्यक्तीच्या बाबतीत मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं मोजतात. ते १९९४ मध्ये गेले. म्हणजे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेली पुस्तकं १ जानेवारी २०५५ ला खुली होतील. तोपर्यंत हक्क वारसांचे, किंवा ज्यांना ते दिले असतील त्यांचे.

बघा, त्यांच्या हाताखाली तयार झालेलं परभणीचं सरकारी पुस्तक त्यांच्या स्वतःच्या पुस्तकांपेक्षा २७ वर्षं आधी सगळ्यांचं होणार आहे.

फुकट वाचणं आणि हक्क असणं

आता तुम्ही म्हणाल, गॅझेटियर तर ऑनलाइन फुकट वाचायला मिळतात. बरोबर आहे. महाराष्ट्र सरकारच्या दर्शनिका विभागानं जुने खंड संगणकावर आणून संकेतस्थळावर ठेवले. मराठी विश्वकोश ऑनलाइन आहे. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची कितीतरी पुस्तकं उतरवून घेता येतात. बालभारतीची पाठ्यपुस्तकंही पीडीएफमध्ये मिळतात.

पण वाचायला फुकट मिळणं आणि वापरायचा हक्क असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सार्वजनिक विहिरीचं पाणी प्यायला सगळ्यांना मोकळीक असते, म्हणून कुणी टँकर भरून विकायला लागला तर गाव विचारणारच. तसंच हे. नांदेड गॅझेटियर उतरवून वाचा, त्यातली माहिती अभ्यासाला वापरा, लेखात थोडा उतारा घेऊन त्यावर चर्चा करा. याला कायद्याची हरकत नाही. पण सगळा खंड स्वतःच्या नावानं छापून विकायचा, किंवा त्याचं मराठी भाषांतर करून पुस्तक काढायचं, तर २०३२ च्या आधी सरकारची परवानगी लागेल.

एक दिलासा मात्र आहे. कॉपीराइट मांडणीला असतो, माहितीला नसतो. कंधारचा किल्ला कुठं आहे, गुरू गोविंदसिंगजींचं निधन नांदेडला १७०८ मध्ये झालं, उदगीरची लढाई १७६० मध्ये झाली, या गोष्टींवर कुणाचीच मालकी नाही. त्या गॅझेटियरमध्ये वाचून स्वतःच्या शब्दांत लिहायला कुणालाही मुभा आहे. गावाच्या इतिहासाचं पेज चालवणाऱ्यांनी आणि रील बनवणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

बाहेर काय चालतं?

अमेरिकेत केंद्र सरकारच्या कामाला कॉपीराइटच नसतो. नासाचे बहुतेक फोटो जगभर बिनधास्त वापरले जातात ते त्यामुळेच. पण तिथल्या राज्य सरकारांना हा नियम आपोआप लागू होत नाही. जॉर्जिया राज्यानं आपल्या कायद्यांच्या टीपांसह असलेल्या अधिकृत आवृत्तीवर कॉपीराइट सांगितला आणि ती ऑनलाइन टाकणाऱ्या संस्थेवर खटला भरला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. एप्रिल २०२० मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला की विधिमंडळाच्या अधिकारात तयार झालेल्या अशा टीपांवर राज्य मालकी सांगू शकत नाही.

आपल्याकडे तमिळनाडूनं तर उलट्या दिशेनं वाट काढली. सुब्रमण्य भारती यांच्या लेखनाचे हक्क १९४९ मध्ये मद्रास सरकारनं घेतले आणि पुढं ते सगळ्यांसाठी खुले केले. तेव्हापासून तिथलं सरकार मोठ्या लेखकांच्या वारसांना मोबदला देऊन त्यांची पुस्तकं लोकांची करून टाकतं. अशा लेखकांची संख्या आता शंभराच्या वर आहे. मग कुठलाही छोटा प्रकाशक ती स्वस्तात छापू शकतो.

महाराष्ट्रात असं करायला कायद्याची आडकाठी नाही. कॉपीराइटचा मालक आपणहून इतरांना वापराची परवानगी देऊ शकतो. सरकारला वाटलं तर नांदेड, उस्मानाबाद, परभणीचे जुने खंड २०३२-३३ ची वाट न बघता आजच मोकळे करता येतील. पगडींसारख्या लेखकांच्या पुस्तकांसाठी वारसांशी बोलून तमिळनाडूसारखी वाटही धरता येईल.

यात अडकलंय काय?

हा नुसता वकिली मुद्दा नाही. मराठवाड्याच्या गॅझेटियरचे हे खंड इंग्रजीत आहेत. जिल्ह्यातल्या सामान्य माणसाला ते सहज वाचता येत नाहीत. कुणा शिक्षकानं नांदेडच्या खंडाचं मराठी भाषांतर करून स्वस्तात छापायचं ठरवलं, तर आज त्याला आधी सरकारी परवानगीच्या मागं लागावं लागेल. किनवटच्या एखाद्या गोंड तरुणाला आपल्या समाजाबद्दलची प्रकरणं गोंडीत आणायची असतील, तरी तेच.

पगडींनी फारसी कागद मराठीत आणले तेव्हा ही अडचण त्यांच्यासमोर नव्हती. भीमसेन आणि खाफीखान यांच्या लेखनावर कुणाचा कॉपीराइट नव्हता. ते सगळ्यांचं होतं, म्हणूनच निलंग्याचा एक माणूस ते उचलून मराठीत आणू शकला. दुसऱ्याचं जुनं लेखन मोकळं असलं की नव्या माणसाला काम करता येतं, याचा पुरावा खुद्द पगडींची पुस्तकं आहेत.

आणि श्रेयाचं काय? मालकी सरकारची झाली तरी लेखकाचं नाव पुसलं जात नाही. कायद्याचं कलम ५७ लेखकाला आपल्या कामावर नाव सांगण्याचा हक्क देतं आणि तो कॉपीराइटवर अवलंबून नसतो. गॅझेटियरच्या खंडांवर कार्यकारी संपादकाचं आणि संपादक मंडळाचं नाव छापलेलं असतं. पुढच्या वेळी व्हॉट्सॲपवर अशा एखाद्या जुन्या पानाचा फोटो आला, तर कुठल्या पुस्तकातलं, कुठल्या वर्षीचं आणि कुणी तयार केलेलं एवढं तरी त्यासोबत पुढं पाठवा. परभणीच्या खंडाचं पान असेल, तर त्या नावांमध्ये निलंग्याच्या सेतुमाधवराव पगडींचंही नाव हवं.